ॲबीची रिकामी पिशवी: 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'चा प्रकरण अभ्यास

सिॲटलमधलं एक बंद पडलेलं नाट्यगृह. दार ढकलून आत येताच एलीचा मित्र जेसी याला गोळी लागते आणि तो जागेवर कोसळतो. तिचा दुसरा साथीदार टॉमी जमिनीवर पालथा पडलाय, त्याच्यावर पिस्तूल रोखलंय ॲबीने. समोर एली हात वर करून उभी. इतके तास जिच्या मागावर होतो ती ॲबी अखेर सापडली, आता काय तो निकाल लागणार, आणि नेमका इथेच पडदा काळा होतो. पुन्हा उजेड येतो तेव्हा आपण काही वर्षं मागे गेलेलो असतो आणि आपल्या हातात एली नसते. ॲबी असते.

२०२०च्या टाळेबंदीत हा गेम मी आणि माझा धाकटा भाऊ आळीपाळीने खेळत होतो. त्या रात्री पाळी त्याची होती. त्याने कंट्रोलर माझ्या मांडीवर आणून ठेवला. "दादा, मी हिला खेळवणार नाही. तूच बघ."

त्याचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. या लेखाचा विषय तो एकच क्षण आणि त्याच्या पुढे-मागे रचलेला सगळा डाव आहे. ॲक्शन गेममध्ये कस पाहणारं आव्हान, गोष्ट आणि हिंसा या तिघांची मोट कशी बांधायची, हा प्रश्न इतक्या उघडपणे आणि इतकी किंमत मोजून दुसऱ्या कुठल्या मोठ्या गेमने हाताळल्याचं मला आठवत नाही. गोष्ट शेवटपर्यंत उघड करणार आहे, हे आधीच सांगतो.

आधी मागचं थोडं. 'नॉटी डॉग' या अमेरिकन स्टुडिओचा पहिला 'द लास्ट ऑफ अस' २०१३मध्ये आला. बुरशीच्या साथीने जग कोसळून वीस वर्षं झालीत. जोएल नावाचा खचलेला माणूस एली नावाच्या मुलीला अमेरिकेच्या पूर्व टोकापासून पार पश्चिमेकडच्या सॉल्ट लेक सिटीपर्यंत घेऊन जातो, कारण तिला ती बुरशी बाधत नाही. शेवटी कळतं की लस बनवण्यासाठी तिच्या मेंदूत वाढलेली बुरशी काढावी लागेल, म्हणजे ती जगणार नाही. जोएल हॉस्पिटलमधल्या माणसांना मारत मारत शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत पोचतो. तिथे एक डॉक्टर हातात छोटी सुरी धरून आडवा उभा राहतो. त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. खोलीत कितीही वेळ उभे राहा, तो हलत नाही. बहुतेक खेळणाऱ्यांनी त्याला दोन सेकंदांत मारलं आणि विसरून गेले. मीही विसरलो होतो.

दुसरा भाग १९ जून २०२० रोजी प्लेस्टेशन ४वर आला. दिग्दर्शक नील ड्रकमन. लेखन त्याचं आणि हॅली ग्रॉसचं. पहिले दोन तासही होत नाहीत तोच ॲबी नावाची अनोळखी तरुणी जोएलला एलीच्या डोळ्यांदेखत गोल्फच्या काठीने ठार मारते. मग एली सिॲटलला निघते, आणि आपणही. ॲबी त्या विसरलेल्या डॉक्टरची मुलगी आहे, हे आपल्याला फार उशिरा कळतं.

ड्रकमन लहानपणी इस्रायलमध्ये वाढला. २००० साली रामल्लामध्ये जमावाने दोन इस्रायली सैनिकांना ठार मारलं, त्याचं चित्रण त्याने पाहिलं होतं. ते करणाऱ्यांना आपणही तसंच मारावं असं त्या वेळी वाटून गेलं आणि नंतर आपल्याच त्या विचाराची शिसारी आली, असं त्याने मुलाखतींमध्ये सांगितलंय. तो संताप आधी खेळणाऱ्याच्या मनात पेटवायचा आणि मग त्याच संतापाकडे त्याला बघायला लावायचं, हा गेमचा मूळ बेत.

बेत मोठा आहे, पण या माध्यमाची एक जुनी दुखरी जागा त्याच्या आड येते. गोष्ट एक सांगते आणि हात दुसरंच करत असतात. क्लिंट हॉकिंग या गेम-डिझायनरने २००७मध्ये 'बायोशॉक' या गेमबद्दल लिहिताना या विसंगतीला 'लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' असं नाव दिलं. नॉटी डॉगच्याच 'अनचार्टेड' मालिकेवर हा आरोप सर्वाधिक झाला: नेथन ड्रेक हा हसरा, लाघवी, मित्रांना जीव लावणारा नायक, आणि खेळ संपेपर्यंत त्याच्या हातून शेकडो माणसं मेलेली. स्टुडिओला हे चांगलं ठाऊक होतं. २०१६च्या 'अनचार्टेड ४'मध्ये हजार शत्रू मारल्यावर जी ट्रॉफी मिळते तिचं नावच त्यांनी 'लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' ठेवलं. पार्ट टूमध्ये त्यांनी त्या प्रश्नाला अंगावर घेतलं.

बाटली एक, उपयोग दोन

लढाईची रचना आधी पाहू, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. गोळ्या कायम कमी. एली गवतात पालथी पडून सरपटते, मोडक्या गाडीखाली लपते, मागून येऊन सुरी चालवते. आणि मग ती स्पिरिटची बाटली. स्पिरिटची एक बाटली आणि चिंधी जोडली की मलमपट्टी होते. तीच बाटली आणि तीच चिंधी जोडली की पेटता बॉम्ब होतो. खिशात बाटली एक आहे, अंगावर जखम आहे आणि भिंतीपलीकडे तीन माणसं बोलत उभी आहेत. आता स्वतःला बांधायचं की त्यांना जाळायचं? हा निर्णय गेम आपल्याकडून शंभर वेळा घेववतो. त्यावर कुणी संवाद बोलत नाही, कुठलं संगीत वाजत नाही. कथेचा सगळा आशय त्या एका बाटलीत आहे, असं मला खेळताना वाटत राहिलं.

शत्रूंना नावं दिली आहेत, याची चर्चा जास्त झाली. एकाला मारलं की दुसरा त्याच्या नावाने ओरडतो. कुत्रा मेला की त्याचा माणूस कुत्र्याला हाक मारतो. पहिल्या तासात काळजात चर्र होतं, हे खरं. पण पाचव्या-सहाव्या तासापर्यंत कान सरावतात आणि ती हाक म्हणजे 'पलीकडे अजून एक जण आहे' एवढी खबर उरते. गेमचा हा डाव माझ्या मते अर्धाच साधला. जिथे जीव वाचवण्याची धडपड आहे तिथे मेंदू प्रत्येक आवाजाचा उपयोग करून घेतो, दुःखाचासुद्धा.

उलट एका छोट्या प्रसंगाने जास्त काम केलं. गेमभर जागोजागी हत्यारं सुधारायची टेबलं आहेत. तिथे उभं राहिलं की कुणी त्रास देत नाही, हा अलिखित करार. एका इमारतीत मी निवांत बंदुकीला दुर्बीण बसवत होतो आणि मागून माणसांनी धरलं. तिथून पुढे प्रत्येक टेबलापाशी मी आधी सगळ्या खोल्या तपासल्या. भीती कुणी सांगून बसत नाही, सवय मोडली की बसते. हीच युक्ती गेमने पुढे फार मोठ्या प्रमाणावर वापरली आहे.

एकाच हॉस्पिटलच्या तळघरात दोघी

सिॲटलमधल्या दुसऱ्या दिवशी एली नोराच्या मागे हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यांत उतरते. नोरा ही ॲबीच्या टोळीतली. खाली हवेत बुरशीचे कण भरलेत. नोरा खोकायला लागते, म्हणजे तिचं मरण ठरलं. एलीला ते बाधत नाही. तिच्या हातात लोखंडी पाइप आहे. ॲबी कुठे आहे, एवढंच तिला हवंय. लाल उजेड. कॅमेरा नोराकडे बघत नाही, तो एलीच्या चेहऱ्यावर रोखलेला आहे. आणि पडद्यावर चौकोनी बटणाची खूण येते.

दाबलं की पाइप खाली येतो. पुन्हा खूण. पुन्हा.

मी थांबून पाहिलं. काही होत नाही, एली पाइप उगारून उभीच राहते. बटण दाबल्याशिवाय सुटका नाही. इथे माझा गेमशी वाद आहे. पर्याय द्यायचा नाही आणि तरी बोट माझंच वापरायचं, म्हणजे पाप वाटून घ्यायला बोलावणं आहे आणि नकार द्यायला जागा नाही. त्या खोलीत आव्हान शून्य आहे. कसब लागत नाही, जिवाला धोका नाही, हिशोब नाही. नुसती गोष्ट आणि हिंसा. म्हणून तो प्रसंग भयानक असूनही माझ्यासाठी बाहेरच राहिला. मी एलीच्या जागी नव्हतो, तिच्याकडे बघत होतो.

आता तोच दिवस, तेच हॉस्पिटल, पण ॲबीची बाजू.

यारा आणि लेव्ह ही ॲबीच्या टोळीच्या शत्रूपंथातली भावंडं. त्यांनी ॲबीचा जीव वाचवलाय. याराचा हात चिरडलाय, तो कापावा लागणार, आणि त्यासाठीचं सामान त्या हॉस्पिटलमध्ये आहे. ॲबी स्वतःच्याच लोकांचा हुकूम मोडून तिथे जाते. तिला वाट करून देते ती नोरा, हीच नोरा, जिचं त्याच दिवशी काय होणार हे आपल्याला माहीत आहे. ॲबी खाली उतरते. तिथे साथीच्या सुरुवातीचे रुग्ण कोंडलेले आणि वर्षानुवर्षं एकमेकांत वाढून त्यांचा एकच अजस्र देह झालेला. गेममधली ही सर्वांत कठीण लढत. अरुंद बोळ, दारं अडकलेली, पिशवीत चार गोळ्या. मी किती वेळा मेलो ते मोजलं नाही. भाऊ शेजारी बसून सांगत होता, "डावीकडून घे, ड्रॉवरमध्ये काहीतरी असेल."

कंट्रोलर ठेवून देणारा तोच हा मुलगा.

पिशवी का रिकामी केली

बाजू बदलते तेव्हा गेम आपली सगळी पुंजी काढून घेतो. एलीसाठी गोळ्या-औषधं वेचून शिकलेली कौशल्यं, सुट्या भागांनी सुधारलेल्या बंदुका, सगळं शून्यावर. ॲबीची हत्यारं वेगळी, अंगकाठी वेगळी. एलीकडे कायमची सुरी आहे. ॲबीला 'क्लिकर'सारख्या आंधळ्या, भयंकर बाधिताला चोरपावलांनी मारायचं तर दर वेळी नवीन टोचणी बनवावी लागते. अनेकांनी याला रचनेतला दोष म्हटलं. ऐन भरात आलेला खेळ तोडला, मेहनत वाया घालवली, असा त्यांचा राग, आणि तो खोटा नाही.

पण माझं या प्रकरणातलं म्हणणं इथेच आहे. ॲबीबद्दल जे काही वाटायला लागतं ते तिच्या वडिलांच्या कहाणीने वाटत नाही. तो भाग पाहताना आम्ही दोघंही घट्ट राहिलो होतो. डॉक्टर भला माणूस होता, तारेत अडकलेल्या झेब्र्याला सोडवत होता, बरं, मग? जोएल गेला तो गेलाच. स्टेडियममध्ये कुत्र्यासोबत चेंडू खेळायला लावला, तेव्हाही आम्हाला फितवल्यासारखंच वाटलं. पाघळलो ते कष्टाने. रिकाम्या पिशवीने सुरुवात केली की एकेक गोळी, एकेक चिंधी आपण *तिच्यासाठी* गोळा करतो. तिच्यासाठी मरतो, पुन्हा उठतो. ज्याला दहा तास जगवलं त्याचा द्वेष करणं अवघड होऊन बसतं. लेकराला जेवू घालणाऱ्या माणसाची लेकरात जशी माया गुंतते, तसं.

उंच इमारतींमधल्या त्या पुलावर मला हे कळलं. ॲबीला उंचीची भीती. पोलादी पट्टीवरून चालताना खाली पाहिलं की चित्र गरगरतं, श्वास वर-खाली होतो. पुढे लेव्ह, बारीक अंगाचा पोरगा, झपझप चाललेला. पाळी भावाची होती, त्याने ती मागून घेतली होती. मी फोनकडे पाहत होतो, आणि तो स्वतःशीच पुटपुटला, "हळू, पडेल ती." ज्या बाईला खेळवायला त्याने नकार दिला होता, तिच्याबद्दल.

आमची आजी अश्वत्थाम्याची गोष्ट सांगायची. बापाला कपटाने मारलं म्हणून रात्री छावणीत शिरून झोपलेल्या पोरांना कापणारा तो. पण त्याच आजीच्या गोष्टीत कपाळावरच्या भळभळत्या जखमेला तेल मागत दारोदार फिरणाराही तोच असायचा, आणि ती म्हणायची, आला तर तेल द्यावं. त्याने काय केलं हे विसरून नव्हे, ते पुरतं माहीत असताना. ॲबीला खेळताना मला ती तेलाची वाटी आठवली.

मग गोष्ट फिरून नाट्यगृहात येते. आता आपण ॲबी आहोत आणि समोरचा शत्रू एली. ॲबीकडे बंदूक उरलेली नाही. एली अंधारात सापळ्याचे बॉम्ब लावते, लपते, दिसलं की गोळी घालते. म्हणजे आपणच तिला शिकवलेली प्रत्येक खोड ती आपल्यावर उलटवते. ज्या हुशारीचा तासन् तास अभिमान वाटला ती पलीकडच्या बाजूने कशी दिसते, ते इथे कळतं. पहिल्या खेपेला मी हललोच नाही. एलीने ॲबीला मारलं, आणि गेमने मागच्या चेकपॉइंटवर आणून सोडलं. इथेही नकाराला जागा नाही. तरी नोराच्या खोलीत आला तसा राग इथे आला नाही, कारण जगण्यासाठी सगळं कसब लावावं लागत होतं आणि दोन्हीपैकी कुणाचंही मरण नको होतं. आव्हान, गोष्ट आणि हिंसा इथे एकाच दोरीला ओढतात. शेवटी ॲबी एलीची गरोदर जोडीदार डीना हिच्या गळ्यावर सुरी ठेवते, लेव्ह फक्त तिचं नाव घेतो, आणि ती हात मागे घेते.

बाहेर काय झालं

गेमचे काही प्रसंग एप्रिल २०२०मध्येच फुटले होते. प्रकाशनानंतर पहिल्या तीन दिवसांत ४० लाखांहून जास्त प्रती खपल्या. समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांची सरासरी शंभरपैकी ९३, आणि सामान्य वापरकर्त्यांचे गुण पहिल्या दिवसांत दहापैकी चारच्याही खाली. पंचवीसेक तासांचा गेम. ते गुण पहिल्या काही तासांतच पडू लागले होते. ॲबीचा आवाज आणि अभिनय लॉरा बेलीचा. तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, त्यातल्या काही तिने स्वतः लोकांपुढे ठेवल्या. सूडाची गोष्ट ऐकून सूड अभिनेत्रीवर उगवणं, याचं समर्थन कुठल्याही रागाने होत नाही. वर्षाच्या शेवटी द गेम अवॉर्ड्समध्ये या गेमला सात पुरस्कार मिळाले, त्यात वर्षातल्या सर्वोत्तम गेमचाही होता.

त्या सातांपैकी एक पुरस्कार मला सर्वांत मोलाचा वाटतो, सर्वांना खेळता येण्याच्या सोयींचा. या गेममध्ये अशा साठाहून जास्त सोयी आहेत: आवाजाच्या खुणांवरून वाट सापडते, शत्रू आणि वस्तू ठळक रंगांत दिसतात, नेम धरताना वेळ मंदावतो. अंध खेळाडूंनी हा गेम पूर्ण केला आहे. काठिण्यही एकगठ्ठा नाही. स्वतःची ताकद, शत्रू, सोबती, लपणं आणि साधनसामग्री या पाचांची पातळी वेगवेगळी ठरवता येते. 'सोपं केलं की गोष्टीचा परिणाम जातो' असं मानणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: कष्टानेच माया जडते हे मी वर मांडलंय, पण कुणाला किती कष्ट पडतात ते बाहेरून ठरवता येत नाही. माझ्या बोटांना जे सहज आहे ते दुसऱ्याला डोंगराएवढं असेल, आणि त्याने त्याच्या डोंगरावर ॲबीला जगवलं असेल.

पुढे दोन गोष्टी झाल्या, आणि त्या या प्रकरणाच्या उलटतपासणीसारख्या आहेत. जानेवारी २०२४च्या सुधारित आवृत्तीत 'नो रिटर्न' नावाचा प्रकार आला: तीच लढाई, तेच शत्रू, पण गोष्ट नाही. एकामागून एक चकमकी, मेलात की पहिल्यापासून. मला तो आवडला, आणि आवडला हे मला खुपतं. तीच मान मुरगळणं, तीच आग, पण मनावर ओरखडा नाही. म्हणजे हिंसा स्वतः काहीच शिकवत नव्हती. दुसरी गोष्ट २०२५मधली, सगळे प्रसंग काळाच्या क्रमाने खेळता येण्याची सोय. त्यात डॉक्टरची मुलगी आपल्याला आधीच भेटते, एली आणि ॲबीचे दिवस एकमेकांत गुंफले जातात. समजायला सोपं आहे. पण द्वेष पुरता पिकण्याआधीच ॲबी ओळखीची होते, आणि नाट्यगृहातला तो काळा पडदा, भावाने ठेवून दिलेला कंट्रोलर, ते सगळं त्या क्रमात घडूच शकत नाही.

सांता बार्बराच्या किनाऱ्यावरचा शेवट तर राहिलाच. गुलाम करून उपाशी ठेवलेली, खांबाला टांगलेली, हाडांचा सापळा झालेली ॲबी. एलीच तिला खाली उतरवते आणि मग पाण्यात उभी राहून तिलाच लढायला भाग पाडते. पुन्हा चौकोनी बटण. इथे प्रत्येक वार दाबताना भाऊ म्हणत होता, "बास ना आता, बास." तो एलीला सांगत होता की मला, मी विचारलं नाही. मूळ बेतात एली तिला मारणार होती. निर्मितीच्या अधेमधे ते बदललं. ॲबी तिच्या डाव्या हाताची दोन बोटं चावून तोडते, आणि तिला बुडवता बुडवता एली आपणहून हात सोडते. ते सोडणं मात्र गेमने आपल्या बटणावर ठेवलेलं नाही.

एली रिकाम्या घरात परत येते. डीना निघून गेलीय. खिडकीपाशी जोएलची गिटार आहे. गेममध्ये अधूनमधून आपण गिटार वाजवत आलोय: कंट्रोलरच्या कांडीने सूर निवडायचा, टचपॅडवर बोट फिरवून तारा छेडायच्या, सिॲटलच्या एका दुकानात डीनासमोर तर अख्खं गाणं वाजवलं होतं. आता तीच खूण पडद्यावर येते. भावाने सूर निवडला, तारांवरून बोट फिरवलं. दोन बोटं नसलेल्या हाताखाली तारा नीट दाबल्याच जात नाहीत, सूर बोथट निघतो. त्याने दुसरा सूर घेऊन पाहिला. मग परत पहिला.